गुरूचं वादळ आणि झेंडूचा हार

कोलार रोडवरच्या एका कॉलनीत गणपतीची आरास गोपीनाथरावांकडे असायची. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, तरी हात काही स्वस्थ बसत नव्हते. यंदा त्यांनी गुरू ग्रह उभा केला. पुरुषभर उंच, पुठ्ठ्याची कडी एकावर एक रचलेली, आत जुन्या कूलरची मोटर. एका कड्याला मोटरीशी जोडणारा पट्टा सरळ, पुढच्याचा पीळ दिलेला. त्यामुळे शेजारची कडी उलटसुलट फिरायची, गुरूवरच्या वाऱ्यांसारखी. आणि दोन कड्यांच्या फटीत, तारेत बसवलेला तांबडा चेंडू. ते वादळ! दीडशेहून जास्त वर्षं घोंघावणारं, आपली अख्खी पृथ्वी गिळेल एवढं.

युक्ती सुचली ती त्यांची बायको रत्नप्रभाबाई वाती वळत होत्या तेव्हा. एक तळहात पुढे, एक मागे आणि मधली वात गरगर. ते बघून गोपीनाथराव हातातला चहा तसाच टाकून उठले होते. आता एकच आस होती : चेंडू का फिरतो, हे कुणीतरी विचारावं.

पहिल्याच गुरुवारी शेजारच्या मंजूषाताईंनी चेंडूला कुंकू लावलं, खाली हरभऱ्याची डाळ वाहिली.

"वहिनी, ते वादळ आहे हो!"

"असेना का! कपाळी शोभतंय किती!"

पाठोपाठ मंडळाचा सेक्रेटरी सौरभ झेंडूचा मनगटाएवढा हार घेऊन आला. "अरे नको, नको," म्हणेपर्यंत हार गळ्यात पडला आणि कड्यांनी तो आत ओढून घेतला. कर्रर्र! जळका वास सुटला. ग्रह थांबला.

सौरभने माइक धरला. "गुरू महाराज स्थिर झाले! ताली बजाओ!"

टाळ्यांचा कडकडाट.

"स्थिर कसले डोंबलाचे? अडकलेत!" गोपीनाथराव ओरडले, पण तोवर आरतीच्या झांजा सुरू झाल्या होत्या.

मंडळी प्रसादाला पांगली तेव्हा ते कात्री घेऊन दोरे उपसत बसले. पट्टा पुन्हा चढवला, समोर पाटी लावली : 'हलता देखावा. कृपया हार घालू नये.'

दुसऱ्या संध्याकाळी ग्रहावर खरोखरच हार नव्हता. पाटीवर होता. पाटीच्या पायाशी डाळही होती.

चेंडू झकास फिरत होता. लोक हात जोडत होते आणि पुढे सरकत होते.

"रत्ना," गोपीनाथराव कळवळून म्हणाले, "निदान तू तरी विचार, का फिरतो ते."

"मी कशाला विचारू? माझ्याच वातीवरनं उचललंत की!"