धनेशाचा नवस

मी चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. अक्षरही कोंबडीचे पाय उमटल्यासारखे आहे. ही वही कोणी वाचणार नाही, तरी सांगून ठेवलेले बरे. आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांनी, जेवढे पक्षी उडवले तेवढे रत्नागिरी तालुक्यात दिवाळीच्या फटाक्यांनीही उडवले नसतील. आणि मामांचा छंद पक्षी पाहण्याचा.

त्यांची नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. तिथल्या मशिनींनी कान नेले आणि बदल्यात आवाज दिला. थंडी सरत आली की खाडीत कुरव आणि बदके बसलेली असतात. मामा बांधावरून पोटावर सरपटत जातात, दाढीला चिखल लागतो, श्वाससुद्धा धरतात, आणि अगदी जवळ पोचल्यावर मागे वळून मला म्हणतात, "आवाज करू नको गो!" पलीकडच्या काठावर होडी रंगवणारा माणूस ब्रश खाली ठेवतो. सगळी खाडी आकाशात जाते. मामा वर बघत समाधानाने म्हणतात, "लाजरी जात." त्यामुळे त्यांना बहुतेक पक्षी शेपटीकडून ओळखता येतात. पक्ष्यांना तोंड असते हे त्यांना पुस्तकातल्या चित्रांवरून माहीत आहे.

शिवाय त्यांच्या दुर्बिणीची कातडी पेटी चालताना खुळखुळते. ते त्यांना सोडून सगळ्या गावाला ऐकू येते. आमचे हे एकदा म्हणाले, "मामा, आतला स्क्रू सुटलाय वाटतं. बघू इकडे." मामांनी पेटी छातीशी धरली आणि चहा नको म्हणून सांगितले.

सोबतीला ते मलाच नेतात. चार माणसांत माझा आवाज घशाच्या वर येत नाही. लग्न होऊन आल्यापासून मामांनी माझे एकही वाक्य धड ऐकलेले नाही, त्यामुळे आमचे कधी भांडणही नाही. "या घरात शहाणी ती एवढीच," असे ते सर्वांना सांगतात. सर्वांना म्हणजे शेजारच्या वाडीलाही.

पण खरी गंमत देवराईत. तिथल्या जुन्या झाडाच्या ढोलीत दर वर्षी धनेशाची मादी शिरते आणि आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नर बाहेरून फळे आणून तिला चोचीने भरवतो. मामी शेवटची दोन वर्षे अंथरुणावर होत्या, तेव्हा मामा त्यांना पेज भरवत. मामी गेल्या, आणि त्या वर्षापासून मामांना हे भरवणे एकदा बघायचे होते. मात्र देवराईत शिरण्याआधी तिथल्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणे घालावे लागते, आणि मामांना ते चोरून घातलेले चालत नाही. हात जोडून ते दर वर्षी गरजतात, "बा राखणदारा महाराजा! धनेश भरवताना दिसू दे, सव्वा रुपया वाहीन!" मग "व्हय महाराजा" म्हणायचे काम माझे. माझे ओठ नीट हलले नाहीत की ते पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने. तोवर धनेश पलीकडच्या डोंगरावर. आमचे हे विचारत, "मामा, पक्षी बघायला गेला होतात की हाकलायला?" मामा म्हणत, "नाही, यंदाही नाही."

यंदा शिमगा झाल्यावर मामांचा मुलगा त्यांना कायमचे मुंबईला नेणार, असे ठरले. देवराईची ही शेवटची खेप. आणि पालखीपुढे ओरडून ओरडून मामांचा घसा साफ बसला. राखणदाराच्या दगडापुढे ते उभे राहिले, तोंड उघडले, नुसती हवा आली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"बाईमाणसाने घालायचे का?" मी विचारले. त्यांना ऐकू आले नाही. पुन्हा बोट केले.

मी हात जोडले. जेवढा आवाज होता तेवढ्यात राखणदाराला सांगितले, की महाराजा, यांना दिसू दे. मामा माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ थांबले तेव्हा त्यांचे हलले. व्हय महाराजा.

धनेश आला आणि फांदीवर बसला. बसूनच राहिला. मान लांबवून त्याने एकेक फळ घशातून काढले आणि फटीत दिले. आतून चोचीचे टोक यायचे, फळ घ्यायचे. शेवटचे फळ खाली पडले, तर तो ते पडलेले बराच वेळ बघत राहिला. मामांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. काचा ओल्या होत्या, त्या मी पदराने पुसल्या.

तो उडून गेल्यावर मामांनी पेटीच्या तळातून एक रुपया आणि चार आण्यांचे नाणे काढले. चार आणे बाजारातून गेले त्याला कितीतरी वर्षे झाली. मामांनी ते नवसासाठी जपून ठेवले होते. दोन्ही नाणी दगडापाशी ठेवून त्यांनी नमस्कार केला.

परतताना ते पुढे होते, मी मागे. पेटी खांद्याला तशीच हेलकावत होती, पण खुळखुळत नव्हती.