आत्याच्या तोंडी घातलेलं वचन

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात होते. फोन विंझरहून होता, आत्याच्या शेजारच्या पार्वतीकाकूंचा. "सुवार्ता, आत्या गेली गं... सकाळी चा प्यायला हाक मारली, तर उठलीच न्हाई." मी "हो, निघते" म्हटलं, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि... हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला त्या क्षणी रडू आलं नाही. हायसं वाटलं. आता ते कुणालाच कळणार नाही, असं मनात आलं. नंतर रडू आलं, भरपूर आलं. भोरला माती देताना तर बायकांनी मला दोन्हीकडून धरलं होतं. पण आधी आलं ते हायसं वाटणंच. याला आता सहा आठवडे झाले आणि अजून मला माझी शिसारी येते.

रत्नाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा नवरा विंझरला दवाखान्यात शिपाई होता. तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण आत्या तिथून हलली नाही. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. तरी लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणायचे. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून ती पोट भरायची. आमचं भोरचं घर एका खोलीचं, त्यात धाकटे दोन भाऊ, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मला तिच्याकडे ठेवलं. काम एकच, दिवेलागणीला तिला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण कान असे, की दोनदा ऐकलं की पाठ. मी वाचायची, ती खाली मान घालून टाके घालायची आणि मी जरा थांबले की म्हणायची, "पुढं?" मला ती मास्तरीण म्हणायची. मीही दहा वर्षांची असून मास्तरणीचाच तोरा मिरवायची.

दर रविवारी आम्ही दोघी पहिल्या एसटीने निघायचो, कापूरहोळला उतरून दुसरी गाडी पकडायची आणि भोरच्या प्रार्थनेला जायचं. कापूरहोळला एका गॅरेजवाल्याकडे जुनी साप्ताहिकं नि मासिकं पडलेली असायची, तेलाच्या बोटांचे डाग पडलेली. परतताना आत्या हक्कानं ती मागून आणायची. "घे मास्तरीण, तुजा खुराक." मला वाचायचं वेड लागलं ते तिथून. ज्या बाईला एक ओळ वाचता येत नव्हती तिनं मला वाचक केलं, आणि त्याच वाचनाच्या जोरावर पुढे मी तिला तुच्छ लेखलं.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. पार्वतीकाकूंकडे नवा टीव्ही आला होता. आठ वाजता तिथे मालिका लागायची आणि आठ वाजता आमच्या दाराला कडी लागायची. कडी लागली की बाहेर जायचं नाही, हा आत्याचा कायदा. एका संध्याकाळी स्तोत्र वाचता वाचता मी त्याच आवाजात, त्याच चालीत, पानावर बोट ठेवून माझं एक वाक्य घुसडलं, "दार लोटून ठेव, कडी लावू नकोस, मला उशीर होईल, पण मी येईन, असे परमेश्वर म्हणतो." आत्याची सुई थांबली. म्हणाली, "परत वाच." मी न चाचरता परत वाचलं. तिनं ते तीनदा पुटपुटलं आणि पुन्हा टाके घालायला लागली. त्या दिवशी दाराला कडी लागली नाही. मी चांगल्या दोन मालिका बघून आले आणि वाकळीत तोंड खुपसून हसले. देवाच्या नावावर मी टीव्ही बघितला!

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. कसली विसरते! तिनं ते वाक्य आजाऱ्यांच्या उशाशी नेलं. पार्वतीकाकूंचे सासरे अंथरुणाला खिळले, तेव्हा आत्या रोज त्यांच्याजवळ बसायची. वरच्या वस्तीवरची एक धनगराची लेक बाळंतपणात फार आजारी पडली होती, तिच्या कपाळावर हात ठेवून आत्या तेच म्हणाली. मग लोकच म्हणायला लागले, "आत्या, ते कडीचं म्हना." ती म्हणायची आणि माणसं खरंच जरा निवांत व्हायची. भोरच्या प्रार्थनेतही आजाऱ्यांसाठी उभं राहून ते म्हणायची ती आत्याच. मी आधी घाबरले, मग सवय झाली, आणि खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मनातून थोडा अभिमानही वाटायला लागला.

दहावीनंतर मी भोरला आणि तिथून कॉलेजसाठी पुण्याला गेले. मला गाडीत बसवताना आत्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "वाच, लई वाच. पन कुनाला तरी वाचून दावत जा. एकटीनं वाचल्यालं अंगी लागत न्हाई." मी हसण्यावारी नेलं. हॉस्टेलवर लायब्ररीतून पुस्तकांवर पुस्तकं आणायची, रात्रंदिवस वाचायची. देव, धर्म, भीती यांवर मोठमोठ्या माणसांनी काय काय लिहिलंय ते वाचून डोकं गरगरलं आणि जीभ तिखट झाली. सुट्टीत घरी आले की प्रत्येकाला सुधारायचा माझा सपाटा. एकदा आत्यालाच म्हणाले, "तू काही समजून न घेता नुसतं पाठ करतेस." ती म्हणाली, "समजत न्हाई म्हनूनच तर पाठ करते गं. समाजलं आसतं तर ध्यानात कशाला ठिवलं आसतं?" मी रुसून बसले.

शेवटच्या वर्षाला असताना, भाताची सुगी झाल्यावरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी मी आत्याबरोबर भोरला गेले. लोकांनी भाताच्या पेंढ्या, भोपळे, गुळाच्या ढेपी आणून पुढे मांडल्या होत्या. चर्चचे पाळकसाहेब नवीन होते, तरुण, अभ्यासू. आजाऱ्यांची नावं वाचून झाली आणि आत्या नेहमीप्रमाणे उभी राहिली, नेहमीप्रमाणे ते म्हणाली. प्रार्थनेनंतर अंगणात चहा चालू होता तेव्हा साहेबांनी अगदी आदरानं विचारलं, "आत्या, ते कडीचं वचन कुठल्या अध्यायातलं? मला काही आठवेना." आत्याचा चेहरा फुलला. "मला अडानीला काय ठावं, साहेब? आमच्या पोरीला इचारा. तिनंच वाचून दावलंय. लई वाचती ती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वडील होते, मावश्या होत्या, माझ्या वयाची दोन-तीन मुलं होती. पुण्याला शिकणारी, लई वाचणारी मी. "लहानपणी चेष्टा केली होती, साहेब, चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते, वडील ओरडले असते, चहा संपायच्या आत सगळं मिटलं असतं. मी म्हणाले, "मी असं काही वाचलेलं नाही. आत्याच्या मनचं असेल."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही... चहाचा घोट गिळण्याइतकाच. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "व्हय साहेब. माज्याच मनचं आसंल. म्हातारपनी डोस्कं चालत न्हाई." साहेब समजुतीनं म्हणाले, "हरकत नाही. पण शास्त्रात आपल्या पदरचं घालू नये, आत्या." तिनं मान हलवली आणि कप विसळायला गेली. ती तेव्हा साठीचीही नव्हती.

परतताना ती मला बोलेल, निदान एकदा विचारेल, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. कापूरहोळला गाडी बदलायला उतरलो. आत्या नेहमीसारखी गॅरेजवाल्याकडे गेली, मासिकांचा गठ्ठा घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे." मास्तरीण मात्र म्हणाली नाही. पुन्हा कधीच म्हणाली नाही.

त्यानंतर आत्या प्रार्थनेत उभी राहिनाशी झाली. वडिलांनी मला फोनवर सहज सांगितलं, "हल्ली ताई गप्प गप्प असते." मी म्हटलं, "वय झालं." पुण्यातच नोकरी धरली, रविवारी काम असतं म्हणून सांगायला लागले. चर्चला जाणं सुटलं. कुणी विचारलं, तर मी थाटात सांगायची, वाचत गेले तशी श्रद्धा गळून पडली. हे इतक्या वेळा सांगितलं, की माझाही त्यावर विश्वास बसला. खरं म्हणजे एकाही पुस्तकानं माझी श्रद्धा नेली नाही. मला फक्त आत्या जिथं मान खाली घालून बसायची तिथं जाऊन बसायचं धैर्य नव्हतं. पुस्तकांवर मी आळ घेतला, जसा तिच्यावर घेतला.

या दिवाळीत विंझरला गेले होते ते सांगून टाकायचं ठरवून. आत्यानं नव्या तांदळाचा भात केला, मला समोर बसवून वाढलं. विचारलं, "काय वाचतीस आता?" मी म्हटलं, "काही नाही गं, वेळच नसतो." ती म्हणाली, "वाचत जा." झालं, एवढंच बोलणं. पोटभर जेवले, पिशवीभर तांदूळ घेतले आणि पाचच्या गाडीनं परत आले. तीच आमची शेवटची भेट.

गेल्या रविवारी मी भोरला गेले. प्रार्थनेत साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला काही सांगायचं तो उठून सांगतो. तेव्हा सगळं सांगायचं, असं ठरवून गेले होते. साक्षीची वेळ आली, दोघं-तिघं बोलले, मी सतरंजीचे धागे उपटत बसून राहिले. वेळ निघून गेली. मग साहेबांनी आजाऱ्यांची नावं वाचली आणि सगळं शांत झालं. कुणी उठेना, कुणी बोलेना. मला वाटलं, नवीन पद्धत असेल. शेजारी बसलेल्या बाईला मी हळूच विचारलं, "कशासाठी थांबलेत?" ती कानाशी लागून म्हणाली, "आत्यासाठी. ती बोलायची बंद झाली, तरी आमी थांबत व्हतो. म्हटलं, कदी तरी उठंल. आता ती न्हाई, पन सवय जाईना."

म्हणजे एवढी वर्षं, दर रविवारी, लोक तिच्यासाठी एवढी जागा मोकळी ठेवत होते. आणि दर रविवारी आत्या त्या शांततेत मान खाली घालून, ती संपायची वाट बघत बसत होती.

मी उठले. म्हणाले, "ते वाक्य आत्याचं नव्हतं. माझं होतं. मी खोटं बोलले." अंगणातला तो दिवस सांगितला, टीव्हीचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेबांचेही केस आता पिकायला लागलेत. ते म्हणाले, "त्या असताना सांगायला हवं होतंस, बाळ. मीही त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही." मग त्यांनी आजाऱ्यांची नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि थांबले. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी एकटीच उभी होते, सगळे माझ्यासाठी थांबले होते. वेळ जात राहिला. इतकं वाचलं मी, पण आजारी माणसासाठी म्हणावा असा एक शब्द माझ्या तोंडून फुटला नाही. शेवटी कुणीतरी हलक्या आवाजात 'आमेन' म्हटलं आणि मी खाली बसले.