आईकडून आलेल्या चुली

किरनापूरहून आईचा फोन आला तेव्हा मी बालाघाटला घराबाहेर पडण्याच्या गडबडीत होते. "ताई गेली वो बाई... श्वासच थकला तिचा," एवढंच ती बोलली. शोभाताई माझी थोरली बहीण. ती अशीच जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी पायात घातलेल्या चपला मी पुन्हा काढून ठेवल्या.

लहानपणी धानाच्या रोवणीला ताई थोडी रोपं लावायची आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसायची. पाय उचलत नाहीत म्हणायची. "अंगचोर हाये माही पोरगी," असं आई सगळ्या बायांसमोर सांगायची, आणि बाया हसायच्या. पुढे ताई जीवशास्त्राची शिक्षिका झाली. जिन्यात मध्येच थांबायची, पोरं पुढे निघून जायची. शेवटी नागपुरात तिच्या मांडीच्या स्नायूचा इवलासा तुकडा तपासला, तेव्हा कळलं... स्नायूंच्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांपैकी कितीतरी जन्मापासूनच अधू होत्या. दुसरी कुणी रडली असती. ही बया थक्क झाली. घरी येताच भाकरी थापत बसलेल्या आईला ती समजावायला लागली.

"माय, स्नायूत बारक्या बारक्या चुली अस्तेत. शक्ती लय साठवून ठेवता येत नाही. ताट रिकामं दिसलं का तू भाकर टाकते ना, तसंच. स्नायूनं जेवढं खाल्लं तेवढं त्या ताजं करतेत. अन् स्नायूले 'उठ' म्हणून जो इशारा जाते, तोच चुलीलेबी जागं करते. कोणाले सांगा लागत नाही."

मी विज्ञान शिकले नाही. पण एक पाऊल उचलायचं तर मांडीत एवढा स्वयंपाक होतो, तोही मागणी असेल तेवढाच, हे ऐकून मी माझ्याच पायांकडे बघत राहिले. अजूनही कधी कधी बघते.

आईचा हात मात्र थांबला. "मंग तुह्या काहून बिघडल्या? कोणाकडून आलं हे?"

ताईला खोटं बोलणं जमतच नसे. "चुली मायकडूनच येतेत," ती म्हणाली.

आईने तवा उतरवला. त्या दिवशी ती जेवली नाही... दुसऱ्या दिवशीही ताटावर नुसती बसून उठली. "मीच देल्लं, अन् मीच अंगचोर म्हणलं," हे एकच तिच्या तोंडी. शेवटी ताई वैतागली. "वाईट तेवढं तुह्यं, अन् चांगलं कोणाचं वो माय? चांगल्या चुलीबी हायेत ना माह्यात. त्याच्यावरच काळीज चालू हाये. त्याबी तुह्याच." आईने ताट पुढे ओढलं. आणि जेवली.

त्यानंतर ताई बरीच वर्षं जगली. खुर्चीत बसून शिकवायची, आणि थकली की लाज न बाळगता थांबायची.

तेरवी झाली, पाहुणे गेले. आम्ही मायलेकीच जेवायला बसलो. आईने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"ताईच्या होत्या त्याच घरच्या चुली तुह्यातबी ना?"

"हौ माय. तुह्याच."

"मंग माही पोरगी पुरी गेली नाही," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.