सहा महिने बाईची पावलं

दोष आमच्या नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात सगळे मलाच दोष देतात. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आईवडील गेल्यावर मी त्यांच्याच घरात वाढलो, आणि डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून त्यांच्याच घरात शिव्या खात होतो. आमच्या डान्स क्लासचे किस्से मिठागरावरच्या मिठासारखे साठलेत. कुठलीही रास उकरा, खाली नाना सापडतील.

क्लास पेणला, गणपतीच्या कारखान्यात. विसर्जन झालं की शेड रिकामी, आणि मातीच्या बारीक धुळीने फरशी अशी गुळगुळीत की पाय आपोआप सरकतो. शिकवणारे म्हात्रे सर, क्रूझवर वीस वर्षं काढलेले. बोटीवर पाहुण्यांबरोबर बॉलरूम डान्स करायला पोरं लागतात, त्यांची निवड मुंबईत होते. मला त्या बोटीवर जायचं होतं. बाकी काही धड जमलं नव्हतं, हे जमवायचंच असं ठरवलं होतं.

*

पहिल्या आठवड्यात मुली म्हणून आमच्या गावच्या चारच आल्या. नाना गावकीचे अध्यक्ष. त्यांनी लगेच बैठक बोलावली, आणि परक्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवायचा हे कुठलं शिक्षण, यावर अर्धा तास बोलले. हळदीला डीजेपुढे तुम्ही कोणाकोणाच्या खांद्यावर हात ठेवून नाचता, असं मी भर बैठकीत विचारलं. उत्तर कानाखाली आलं.

दुसऱ्या दिवसापासून मुली बंद.

*

उरलो आम्ही पोरं. सरांनी उंचीने रांग लावली आणि सगळ्यात बुटक्याला, म्हणजे मला, बाईची पावलं दिली. जोडीदार रोह्याचा संत्या. केमिकल कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा, अंगाने दरवाजाएवढा. वॉल्ट्झ या जोडीच्या नाचात पुरुष पाऊल पुढे टाकतो, बाई मागे. म्हणजे मी मागे.

संत्या लहानपणापासून बाल्या नाचातला. सरांनी 'एक' म्हटलं की तो पाय दणकन आपटायचा, बहुतेक वेळा माझ्या पायावर. सर म्हणाले, फरशी फोडायची नाही, तिच्यावरून सरकायचंय.

"सर, पाय आपटला नाय तर नाचतोय हे मला कळणार कसं?"

*

थंडी संपता संपता शेडमध्ये नवे गणपती उभे राहायला लागले. आम्हाला दोन रांगांमधली गल्ली उरली, अडीच हात रुंद. मी उलटा चालणार, मला मागचं दिसणार नाही, म्हणून रस्ता संत्या सांगायचा. सर एक-दोन-तीन मोजायचे आणि संत्या त्याच तालावर, "डावीकडं सोंड हाय... आता हात हाय... वाक."

सहा महिन्यांत एकही मूर्ती फुटली नाही. माझी दोन नखं गेली.

*

रोह्याजवळ अष्टमी गावात संत्याच्या बहिणीची हळद होती, आमच्या घरालाही आमंत्रण होतं. तिथे आम्ही दोघांनी वॉल्ट्झ केला. संत्याच्या आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि शेजाऱ्याला विचारलं, "ह्यातली बाई कंची?"

सगळ्यात मोठ्याने हसले नाना. बाया कोणी घालवल्या, हे ते सोयीने विसरले होते.

*

मग मुंबईची परीक्षा. मला जोडीला ठाण्याची एक मुलगी दिली. गाणं सुरू झालं. ती मागे गेली, मीही मागे गेलो. हात ताणले गेले, रस्सीखेच असल्यासारखे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. डोक्याला कळत होतं, पायांना नाही.

परीक्षक बाई म्हणाल्या, "इतकं सुंदर मागचं पाऊल आज इथे कोणाचंच नाही. पण बोटीवरच्या पाहुण्यांना पुढे कोण नेणार? तीन महिन्यांनी ये. बाईबरोबर शिकून ये."

घरी जेवताना हे सांगितलं. नाना म्हणाले, मी म्हटलंच होतं. काकी, म्हणजे नानांची बायको, भात वाढत होती. तिने एवढंच विचारलं, परत घेणार हायत ना? मी म्हटलं, घेतील, पण बाई कुठून आणू?

*

सोमवारी काकी पदर खोचून कारखान्याच्या दारात उभी. काकीचं माहेर मिठागरावरचं. लग्नाआधी तिने डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन निसरड्या बांधांवरून खेपा घातलेल्या. ती पहिली फेरी मागे चालली तेव्हा तिची मान तसूभर हलली नाही. आम्हाला सहा महिने 'मान, मान' म्हणून ओरडणारे सर मोजायचंच विसरले.

महिन्याभराने कोणीतरी नानांच्या कानावर घातलं. गल्लीच्या टोकाला दार, दारात नाना, पायात चपला तशाच. काकीची त्यांच्याकडे पाठ होती.

"काय चाललंय गो हे?"

मी काकीच्या पाठीवरचा हात काढला. तिने मागे वळून पाहिलं नाही. माझा हात घेतला आणि परत आपल्या पाठीवर ठेवला.

"एक झालं," काकी म्हणाली. "दोन टाक."

मी टाकलं. मग तीन, मग पुन्हा एक, दाराच्याच दिशेने. गल्ली अडीच हातांची. नाना एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि अंगणात उतरले.

संध्याकाळी नानांनी माझी बॅग भरून बाहेर ओट्यावर ठेवली होती. मला एकच घर होतं, ते गेलं.