शिसपेन्सिलीत शिसं नसतं

माझ्या सासूबाईंनी एका संध्याकाळी घरातल्या झाडून साऱ्या शिसपेन्सिली गोळा केल्या, पत्र्याच्या डब्यात कोंबल्या आणि डबा माळ्यावर टाकला. मी खालापूरच्या ऑफिसातून भिसेगावला घरी पोचले, तर थोरली लेक हातात पेन धरून रडत बसलेली. तिसरीत पेन चालत नाही, बाई ओरडतील, हे तिचं दुःख. सासूबाई मात्र लढाई मारल्यासारख्या ओट्यावर बसल्या होत्या.

झालं होतं असं, की आमच्या धाकट्याच्या, दोन वर्षांच्या पोराच्या रक्तात शिसं निघालं होतं. दिवाळीपासून त्याचं पोट दुखायचं, जेवण नको व्हायचं आणि एरवी हसरं पोर सारखं किरकिर करायचं. आम्ही जंताचं औषध दिलं, दृष्टही काढली. शेवटी कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन केला: रक्तात शिसं आहे, उद्या सगळे या. त्याने घरात तो एक शब्द उच्चारला मात्र, सासूबाई कामाला लागल्या. शिसं म्हणजे शिसपेन्सिल, दुसरं काय?

मला हसू येत होतं, पण ते टिकलं नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही, हे मी नवऱ्याचा फोन आल्यावर बसमध्ये मोबाईलवर वाचलं होतं. तेव्हापासून धाकट्याचा एकेक बोबडा शब्द मी परीक्षेला बसवल्यासारखी ऐकत होते. फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डबा घेऊनच दवाखान्यात आल्या. तो त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

"ह्या बघा बाई. घरात येकबी ठेवली नाय."

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला आणि त्यांना हसू आवरेना. "आजी, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ते काळं असतं ना, ते वेगळंच. ग्राफाइट. शिसं हे नुसतं नाव पडलंय."

"मंग तसं नाव कशाला ठेवायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. काजळ घालता का? भांड्यांना कल्हई कुठे करता? याचे बाबा रसायनीला कारखान्यात आहेत, तिथे काय काम? नवरा पॅकिंगला आहे, तिथे शिशाचा संबंध नव्हता. "बरं, हा दिवसभर तोंडात काय घालतो?"

मी आणि नवरा दिवसभर कामावर. त्याच्यासोबत असणाऱ्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

"काय म्हंजे? खिडकीचं गज चाटतो की. बाप यायच्या टायमाला तिथंच चिकटलेला आसतो."

"रंग कधी दिलाय खिडकीला?"

"गणपतीच्या आदी. दर वर्साला देतो आमी."

आमच्या आळीत गणपतीआधी दारं-खिडक्या खरवडून ऑइलपेंट देतात. देव यायचा आणि दाराचे पोपडे निघालेले, हे कुणाला चालत नाही. रंगारी कशाला, मी आहे ना, म्हणत नवरा स्वतः पॉलिश पेपरने घासतो, आणि गेल्या वेळी धाकटा त्याच धुळीत बोटाने चित्रं काढत बसला होता. आम्ही कौतुकाने त्याचा फोटोही काढला. घर सासऱ्यांच्या काळचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रंगाच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते घरभर पसरतं.

मी धाकट्याला घेऊन माहेरी गेले. इकडे नवऱ्याने खाली प्लास्टिक अंथरलं, तोंडाला मास्क बांधला, गज पाण्याने भिजवून भिजवून खरवडले आणि डब्यावर बिनशिशाचा असं छापलेलं वाचून आणलेला रंग दिला. परत आलो तर घराला नवे नियम. केर काढायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आधी सासूबाई कुरकुरल्या, झाडू मारल्याबिगर लक्ष्मी येती होय? पण एकदा मनावर घेतल्यावर त्यांनी कुणाची गय केली नाही. खेळणी रोज धुवायची. हात धुतल्याशिवाय घास नाही. आल्यागेल्या पाव्हण्यालाही आधी मोरी दाखवायच्या, मग नातू. धाकट्याला रक्तवाढीचं औषध आणि नाचणीची पेज सुरू झाली. लेकीला पेन्सिली परत मिळाल्या.

पुढचा गणपती जवळ आला तशी आळीत खरवडाखरवड सुरू झाली आणि सासूबाई बादली घेऊन दारोदार फिरू लागल्या. "आदी पानी मार रं, मंग घास. आन पोरांना लांब धाड." तरण्या पोरांनी त्यांचं नाव पाणीखातं ठेवलं. त्यांना ते मनातून फार आवडलं होतं, पण तोंडाने शिव्या देत.

मधल्या तपासणीत शिसं नुसतं रेंगाळत उतरलं होतं. म्हणून गणपतीच्या तोंडावर पुन्हा रक्त दिलं आणि रिपोर्ट मी येतायेता घेऊन आले. सासूबाई दारातच उभ्या होत्या, धाकटा त्यांच्या पदराशी.

"आकडं नको सांगू. कमी का जास्ती, येवढंच सांग."

"कमी. खूप कमी झालंय, आई. आता असंच चालू ठेवा म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

सासूबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या, नातवाला मांडीत ओढलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, त्यांची ऐकण्यात चूक झाली.

"आई, कमी झालंय म्हणतेय मी."

"आयकलं गं," पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या. "जास्ती आसतं तर तू रडली आसतीस. मंग मला कसं रडता आलं आसतं?"