खरं कशावरनं?

कुठलीही वस्तू हातात दिली की आमचे जकातकाका आधी ती उलटी करायचे. चहा दिला तर कप वर धरून बशीचं बूड बघायचे. लग्नपत्रिका आली की आधी तिची पाठ. माझ्या मुलीचं दहावीचं गुणपत्रक मी कौतुकानं त्यांच्या हातात ठेवलं, तर त्यांनी ते पालथं केलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "मार्क चांगलं हायती की. पण खरं कशावरनं?"

हे त्यांचं पालुपद. त्याला कारणही होतं. सोलापुरात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात होती, त्या काळात त्यांनी उभी हयात जकात नाक्यावर काढली. पोत्यात टोकदार सळई खुपसायची आणि आत खरंच काय आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. वर भुसा आणि आत तंबाखू, वर कांदे आणि खाली साड्या, असलं बघण्यात केस पांढरे झालेले. पुढे जकात बंद झाली, नाका गेला. सळई मात्र त्यांच्या नजरेत राहिली.

तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. तो असला की जीव नकोसा करतो आणि चार दिवस गावाला गेला की कुलूप लावूनसुद्धा आपल्याला झोप लागत नाही.

जुळे सोलापुरात आमची लहानशी कॉलनी. माझ्या दारासमोर काकांचं दार. बायको वारलेली, एकुलती मुलगी टेंभुर्णीला दिलेली. त्यामुळे संशय घ्यायला आम्हीच काय ते उरलो होतो. दूधवाल्याचं माप, गॅसच्या टाकीचं वजन, रिक्षावाल्याचा रस्ता, कशावरही त्यांचा भरवसा नसे. माझ्यावरही नव्हता. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं; पाण्याच्या दिवशी मी मोटर आधी सुरू करते असं त्यांना वाटायचं, म्हणून ते पहाटेच जिन्यात येऊन उभे राहायचे. मी मोटर आधी सुरू करत असे, ही गोष्ट वेगळी.

पण हाच संशय एकदा कॉलनीच्या कामी आला. तळमजल्यावर अक्का राहतात. तेलुगू विणकर घरातल्या, नवरा मागावर चादरी विणायचा, तो गेल्यापासून एकट्या. मुलगी सुरतेला. त्यांच्या फोनवर मेसेज आला की बिल थकलंय, आज वीज तोडणार, या नंबरवर ताबडतोब बोला. अक्का घाबरून नंबर दाबणार, तेवढ्यात काकांनी फोन काढून घेतला, सवयीनं उलटा करून पाहिला आणि मग मेसेज वाचला.

"अक्का, हे साहेब तुमचं नाव सांगत न्हाईत, बिलाचा आकडा सांगत न्हाईत. खरं कशावरनं?"

मेसेज खोटाच होता. पलीकडच्या कॉलनीत त्याच मेसेजनं एका पेन्शनरला धुऊन नेलं. त्या दिवसापासून काका आमचे राखणदार झाले. पाण्याच्या दिवशी सगळे नळापाशी जमले की ते बजावायचे, "फोन कुनाच्या हातात द्यायचा न्हाय. कंपनीचा मानूस म्हनला तर लई सावध. अन् एक ध्यानात ठेवा, फसवनारा अनोळखी नसतोय. तो ओळखीचा होऊनच येतोय."

त्यांचा शब्द इतका चालू लागला की दसऱ्याला कॉलनीतल्या बहुतेक घरांनी एकाच मॉडेलचा फोन घेतला, कारण तो काकांनी पसंत केला होता. दुकानात त्यांनी तो उलटा केला, कानाशी नेऊन हलवला, वास घेतला. "आत काय हाय?" त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "बॅटरी." काका म्हणाले, "खरं कशावरनं?" तो बिचारा हसला. नंतर त्याला हसू आलं नसेल.

ऊन तापायला लागलं आणि एक दिवस सगळ्यांच्या फोनवर कंपनीचा संदेश आला. या मॉडेलच्या काही फोनच्या बॅटऱ्या सदोष आहेत, तापून फुगतात, पेट घेऊ शकतात. चार्जिंगला लावू नका, बंद करा, दुकानात जमा करा, नवा फोन मोफत मिळेल.

'मोफत' वाचलं आणि काकांच्या अंगात नाका संचारला.

"फुकट? कोन देतंय फुकट? आदी जुना काढून घ्यायचा. त्यात आपलं बँकेचं, फोटोचं, सगळं. मग म्हनायचं, नवा संपला, पुढल्या महिन्यात या!"

"पण काका, फोन गरम होतोय हे खरं आहे," मी म्हणाले.

"बाई, सोलापुरात ह्या दिवसांत मानूस गरम होतंय. मला बी परत घेनार काय कंपनी?"

दुकानदारानं स्वतः फोन केला. काकांनी तो अर्ध्यात तोडला. "आवाज काढायला काय लागतंय? आता मशीन बी आवाज काढतंय." संध्याकाळी त्यांचा हुकूम जिन्याजिन्यातून फिरला की मेसेज पुसून टाका. आम्ही पुसले. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, दुकानाची खेप वाचली.

मग एका सकाळी दार वाजलं. उघडते तर काका, हातात सांडशी, आणि सांडशीत फोन.

"बाई, बगा."

त्यांनी फोन फरशीवर पालथा ठेवला. भाकरी फुगावी तशी त्याची पाठ फुगली होती. मग तो पाठीवर टाकला आणि बोटानं ढकलला. फोन भोवऱ्यासारखा गरागरा फिरला.

"मी चुकलो," काका म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझाही तसलाच फोन रोज उशाशी असायचा. पण त्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते.

फोनवरच्या आवाजावर भरवसा नसल्यानं दुकानाला फोन करणं त्यांना जमणारच नव्हतं. डब्यात वाळू भरून, तीत फोन पुरून ते स्वतः गेले. दारावरची सूचना वाचली, रांगेतल्या माणसांना विचारलं, दुकानदाराकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि फोन जमा न करता डबा घेऊन तसेच परत आले. पुरावा हातचा जाऊ द्यायचा नाही, हे नाक्यावरचं शिक्षण.

त्या दिवशी पाणी होतं. सगळे नळापाशी जमलेले. काका म्हणाले, "मेसेज खरा होता. फोन बंद करा अन् माज्यापाशी आनून द्या. मी न्हेऊन देतो."

वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, "काका, खरं कशावरनं?"

सगळे हसले. पाठोपाठ एक जण म्हणाला, "दुकानदाराचं आणि तुमचं काही ठरलंय का? ओळखीचाच फसवतो म्हणून तुम्हीच सांगता." तोही हसतच म्हणाला, पण अर्धं मनापासून म्हणाला, आणि ते सगळ्यांना कळलं. ज्या माणसानं नाक्यावर कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, त्याचा चेहरा भर उन्हात काळवंडला.

काका वाद घालत बसले नाहीत. डब्यातला फोन काढून त्यांनी नळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि फिरवून दाखवला. "माज्यावर इश्वास ठेवू नका. घरी जावा, आपापल्या फरशीवर ठेवून फिरवा. डोळ्यानं बगा."

लोक कुरकुरत घरी गेले. काही फोन फिरले, काही नाही फिरले. माझा नाही फिरला, पण मी तो चटकन बंद केला. संध्याकाळपर्यंत जो तो आपला फोन घेऊन दुकानाकडे निघाला. काकांच्या हातात मात्र एकानंही दिला नाही.

राहिल्या फक्त अक्का. 'फोन द्या' एवढंच कानावर पडलं आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं. काकांबरोबर मीही खाली गेले. त्यांनी किती वेळ कडी वाजवली तेव्हा दार बोटभर उघडलं.

"मी देनार नाई. तुमीच सांगितलं, कुनाला द्याचं नाई."

"बरं. चालू हाय का बंद?"

"चालू. मुलीचं फोन येतंय. चार्जिंगला हाय."

"कुटं?"

काकांनी आवाज खाली आणला. "चादरीत न्हाय ना लपवला?"

अक्कांनी मान फिरवली. त्यांच्या पलंगावर नवऱ्याच्या हातच्या चादरींचा ढीग असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या घरात जळण्यासारखं नाही असं काहीच नव्हतं. दार ढकलून आत शिरणं अवघड नव्हतं, मी तर पाऊल उचललंच होतं. काकांनी मला अडवलं आणि उंबऱ्याबाहेर तापलेल्या फरशीवर बसकण मारली. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"अक्का, मला देऊ नका. मी हात लावत न्हाय. हितंच बसतो. तुमी काढा, तुमीच बगा."

नाक्यावर पकडलेल्या चोरासारखा तो म्हातारा तिथं बसला होता. अक्कांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्या आत गेल्या.

आतून "अय्यो!" ऐकू आलं. अक्का पदरात धरलेला फोन घेऊन धावत आल्या आणि त्यांनी तो काकांच्या वाळूच्या डब्यात टाकला. पुन्हा आत जाऊन चादर आणली. इस्त्री विसरावी तसा तिच्यावर तपकिरी डाग पडला होता. कापसाचा जळका वास येत होता.

"आदी का नाई सांगितलं?" अक्कांनी विचारलं.

"आदी मलाच खरं वाटलं न्हाय," काका म्हणाले.

नवे फोन आले. सगळं निभावलं. पण काका बदलले. कुणी मेसेज दाखवायला गेलं तर म्हणायचे, "मला इचारू नका. माजं ऐकून अक्काचं घर पेटलं असतं." बशी उलटी करायचेही बंद झाले. चहा सरळ पिऊन टाकायचे, ते मला बघवत नसे. 'काका, तुमच्यामुळेच ते वाचलं' असं मी म्हणायला हवं होतं. म्हणू म्हणू म्हणताना राहिलं. दिवाळीनंतर ते मुलीकडे टेंभुर्णीला गेले.

संक्रांतीच्या सुमारास कॉलनीच्या ग्रुपवर त्यांच्या नंबरवरून मेसेज आला: 'बाबा आज पहाटे गेले.'

हात जोडल्याचं एकही चित्र ग्रुपवर पडलं नाही. बँकवाल्यांनी लिहिलं, 'कोण बोलतंय?' मी फोन लावला. पलीकडे एक बाई रडत होती. मी तसं सांगितलं, तर अक्का म्हणाल्या, "आवाज मशीन बी काढतंय. मी डोळ्यानं बगनार."

आम्ही जीप केली. अक्का, मी, बँकवाले, नळापाशी हसलेले सगळे, दाटीवाटीनं बसलो. वाटेत कुणी रडलं नाही. मोहोळच्या पुढे बँकवाले म्हणाले, "बघा तुम्ही, ओसरीवर चहा पीत बसलेले असतील. डिझेल जाळून आलो म्हणून आपल्यालाच शिव्या घालतील." आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं.

काका ओसरीवरच होते. खिडकीत त्यांचा फोन पालथा ठेवलेला होता.

अक्का जवळ गेल्या, खाली वाकल्या, नीट बघितलं. मग तिथंच बसल्या.

मुलगी आमच्याकडे बघतच राहिली. "एवढी सगळी आलात?" ती म्हणाली. "बाबा सारखं म्हनायचे, कॉलनीत आता माज्या शब्दावर कुनी इश्वास ठेवत न्हाय."

अक्कांनी तिचा हात धरला.

"तसं नाई पोरी," त्या म्हणाल्या. "तेंचा शब्द होता, डोळ्यानं बगा म्हनून. तेच्यासाठीच तर सगळे आलो."