पाठ नसलेला स्तूप

पेणच्या रामवाडीतला महिपती चाळिशीपर्यंत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करत होता. धातूकडे तो कसा वळला, याच्या दोन-तीन हकिकती सांगतात. त्यांतली एकही दुसरीशी जुळत नाही. एवढे निश्चित, की रोह्याजवळ धाटावला कारखाने उभे राहत होते त्या वर्षांत त्याने रोह्याच्या बुद्धविहारासाठी स्तूप घडवण्याचे काम अंगावर घेतले आणि हातची नोकरी सोडली. काम फसले तर इथे परत तोंड दाखवू नकोस, असे मालकाने बजावले होते.

खाली पितळी कठडा, त्यावर स्फटिकाचा घुमट, वर छत्री. हिवाळाभर तो ठोकत, कानशीने घासत, झिलई देत राहिला. वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराच्या मधोमध चौथऱ्यावर स्तूप ठेवला, तेव्हा व्यवस्था पाहणारे काळुराम हरखून गेले. वयोवृद्ध बायजाबाई हात जोडून भोवती फिरू लागल्या आणि मागच्या अंगाला थबकल्या. तिथे सांधे जोडलेल्या डाखाचे ओघळ तसेच होते आणि नक्षी अर्ध्यावर थांबली होती.

आपले काही चुकले, हे महिपतीच्या चटकन ध्यानातच आले नाही. मूर्तीच्या पाठीवर पेणमध्ये कोणी जीव ओतत नाही. पाठ मखराकडे असते.

काळुरामांनी तोड काढली. "भिंतीला लावून ठेवू. कुणाला दिसतंय?"

"आन् आम्ही फिरायचं कुठून, भिंतीतून?" बायजाबाई म्हणाल्या. मग महिपतीकडे वळून हळूच, "तुमच्या गणपतीला पाठ असंल, दादा. याला नाय."

काळुरामांचे ऐकले असते तर महिपतीची अब्रू राहिली असती. परत नेला तर काम फसल्याची वार्ता त्याच्याआधी पेणला पोचणार होती. त्याने छत्री उतरवायला घेतली.

"परत नेतो," तो म्हणाला.

पौर्णिमेला बायका रिकाम्या चौथऱ्याभोवती फिरल्या. पेणमध्ये व्हायचे ते हसे झाले, आणि कारखान्याचे दार खरोखरच बंद झाले.

आषाढात स्तूप पुन्हा आला. बायजाबाईंनी महिपतीलाच पुढे घातले. तो फिरला, थांबला, पुन्हा फिरला. कोरी राहिलेली बाजू कोणती होती, हे आता त्यालाही सांगता येईना.